आजीच्या वहीतल्या बंदिशी एडिटरमध्ये : आठवडा तिसरा

मंडळी, आजीच्या वहीतल्या बंदिशी मी व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये टाइप करतोय, आणि त्यातले स्वर त्याने ओळखून वेगळ्या रंगात दाखवावेत अशी खटपट चाललीय. काल रात्री एडिटरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे फाइलीची भाषा दिसते, 'प्लेन टेक्स्ट' जाऊन 'बंदिश' आलं, आणि यमन रागातल्या बंदिशीची स्थायी (पहिला भाग) पहिल्यांदा नीट रंगीत दिसली.

आजी ग्वाल्हेरच्या माधव संगीत महाविद्यालयात शिकली. ते १९१८ साली संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालं, त्यामुळे तिच्या वह्याही भातखंडे स्वरलेखन पद्धतीच्याच. टाइप करताना कोमल स्वराखालच्या आडव्या रेघेला मी अनुदात्ताचं चिन्ह वापरतो (ग॒) आणि तीव्र मध्यमाला उदात्ताचं (म॑). वेदपाठाची चिन्हं इथे इतकी चपखल बसली, याचा फार आनंद झाला.

फाइलींना 'डॉट स्वर' हे एक्स्टेंशन दिलंय. आधी व्हीएस कोडच्या सेटिंग्जमध्ये, 'फाइल्स डॉट असोसिएशन्स'खाली, ते मार्कडाउनला (साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी करायच्या भाषेला) जोडून पाहिलं. पण स्वर लांबवायला दिलेली डॅशांची ओळ मार्कडाउनला विभाजक रेघ वाटते. शिवाय त्या सेटिंगमध्ये एडिटरला आधीपासून ठाऊक असलेली भाषाच देता येते. नवी भाषा हवी तर छोटं प्लगइन लिहायचं: पॅकेज फाइलीत भाषेची ओळख, ग्रामर फाइलीत रंगांचे नियम. स्कोपचं नाव (या नियमांची ओळखखूण) दोन्हीकडे अक्षरशः एकच ठेवा. हे तासाभरात झालं.

चार संध्याकाळी गेल्या त्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातले स्वर हुडकणारा नमुना लिहिण्यात. सातही स्वर मी चौकोनी कंसात एकत्र लिहिले होते. पण चौकोनी कंस अक्षर बघत नाही, कोडपॉइंट (संगणकात प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक) बघतो. 'रे' म्हणजे त्याच्या लेखी र वेगळा आणि मात्रा वेगळी. मग बंदिशीच्या बोलांतले सगळे काने-मात्रा रंगायला लागले! आता गोल कंसात सा, रे, ग असे उभ्या रेघांनी वेगळे पर्याय दिलेत, त्यापुढे असलंच तर कोमल-तीव्राचं चिन्ह, आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा किंवा ओळीचं टोक असण्याची अट. ही अट नसेल तर 'गगरी'तले दोन्ही ग गंधार म्हणून रंगतात.

अडलंय मंद्र निषादापाशी, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'नि'पाशी. मंद्र स्वराच्या खालच्या टिंबासाठी मी नुक्ता (अक्षराखाली द्यायचं टिंब) वापरतो, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, ऩ दोन तऱ्हांनी येतो: एकसंध, किंवा न आणि नुक्ता मिळून. दिसायला तंतोतंत सारखे. माझ्या लॅपटॉपवर एक उमटतो, फोनवर दुसरा. मंद्र रिषभाचंही तेच. रंगांच्या नियमात दोन्ही रूपं घातलीत, पण शोधताना निम्म्या जागा निसटतात. म्हणून सतराही फाइली एकाच रूपात आणणारी स्क्रिप्ट आज लिहायला घेतलीय.