जर्मनीत जिम्नीचे मोठे टायर कागदावर चढवताना: माझा अनुभव

गाडी २०१९ची सुझुकी जिम्नी. कंपनीचा टायर १९५/८० आर१५, रिम साडेपाच इंच रुंद, ऑफसेट (रिमचा मध्य आणि ती गाडीला जिथे टेकते ती पाटी, यांतलं अंतर मिमीत) ५. त्याजागी २३५/७५ आर१५ टायर आणि ७ इंची रिम, ऑफसेट शून्य. एवढा बदल जर्मनीत कायदेशीर करून घ्यायला काय लागलं, कुठे अडलं आणि का अडलं, ते लिहितो आहे. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी रिमची ऑर्डर देण्याआधी वाचावं, कारण बहुतेक अडचणी ऑर्डर देतानाच ठरून गेलेल्या असतात.

आधी कायदा. जर्मनीच्या एसटीव्हीझेडओ या वाहन-मंजुरीच्या नियमावलीचं कलम १९, उपकलम २ सांगतं की गाडीचा प्रकार बदलला, इतरांना धोका संभवला, किंवा धूर वा आवाज वाढला, तर गाडीची चालवण्याची मंजुरी आपोआप संपते. कुणी पत्र पाठवत नाही, ती संपलेली असते. सुटायचे मुख्य रस्ते दोन आहेत. बसवलेल्या भागासोबत तुमच्याच गाडीसाठी केलेला तपासणी अहवाल असेल, ज्याला इथे टाइलगुटाख्टेन म्हणतात, आणि त्यातल्या अटी पुऱ्या होत असतील, तर कलम १९(३)खाली साधी तपासणी होते. अहवाल नसेल, अपुरा असेल किंवा दोन बदल एकमेकांवर परिणाम करत असतील, तर कलम २१खाली एकट्या गाडीची स्वतंत्र तपासणी. हे दुसरं काम प्रत्येक तपासणी केंद्रावरचा प्रत्येक तपासनीस करू शकत नाही. वेळ घेताना फोनवरच विचारा, नाहीतर फेरी फुकट जाते.

आकडेमोड घरीच करून घ्या. जुन्या टायरचा व्यास: १९५ मिमी रुंदीचे ८० टक्के म्हणजे भिंतीची उंची १५६, दुप्पट ३१२, त्यात १५ इंचाचे ३८१ मिळवले की ६९३ मिमी. नव्याचा तसाच ७३३.५. फरक ४०.५ मिमी, म्हणजे ५.८ टक्के. गाडी त्याच्या निम्म्याने, साधारण २० मिमी, उंच होते. धावेचा घेर (चाकाच्या एका फेऱ्यात गाडी कापते ते अंतर) काढायला रेडियल टायरसाठी व्यासाला ३.०५ ने गुणतात, ३.१४ ने नाही, कारण वजनाखाली टायर दबतो. जुना घेर साधारण २११४ मिमी, नवा २२३७. हा २२३७ लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्याभोवती फिरतं.

रिमच्या अहवालात चार गोष्टी बघायच्या. पहिली, तुमची गाडी त्यात आहे का. नाव जुळून भागत नाही. नोंदणीपत्राच्या ‘के’ रकान्यातला मंजुरी क्रमांक अहवालाच्या यादीत असावा लागतो. जिम्नीच्या बाबतीत ही खरी अडचण आहे: सुरुवातीच्या चार सीटच्या गाड्या एम१ म्हणजे प्रवासी गटात आल्या, २०२१पासूनच्या दोन सीटच्या गाड्या एन१ म्हणजे मालवाहू गटात, आणि त्यांचा मंजुरी क्रमांक वेगळा आहे. दिसायला गाडी तीच, पण एका गटाचा अहवाल दुसऱ्याला चालेलच असं नाही. दुसरी गोष्ट, ५ × १३९.७ ची बोल्ट-मांडणी (पाच बोल्ट, १३९.७ मिमी व्यासाच्या वर्तुळावर) आणि १०८ मिमीचं मधलं भोक. तिसरी, नट कोणते. जिम्नीचा आटा एम१२ × १.२५ आहे; नटाचं बूड रिमच्या खाचेच्या आकाराचं, शंकूला शंकू, असायलाच हवं.

चौथी गोष्ट सर्वात महत्त्वाची आणि सर्वात दुर्लक्षित. रिमवर जे वजन कोरलेलं असतं ते एका ठरावीक धाव-घेरापर्यंतच खरं असतं. अहवालात लिहिलेलं असतं: समजा ६५० किलो, २१०० मिमी घेरापर्यंत. याचं कारण समजलं की तपासनिसाचा हट्ट समजतो. रिम मंजूर करताना तिची वाकवून फिरवण्याची थकवा-चाचणी होते. त्या चाचणीतला वाकवणारा जोर काढताना चाकावरचं वजन, टायरची त्रिज्या आणि ऑफसेट हे तिन्ही धरतात. वळणावर रस्ता टायरच्या तळाला आडवा ढकलतो आणि तो जोर त्रिज्येएवढ्या लांब तरफेने रिमच्या मध्याला पिळतो. टायर मोठा, तरफ लांब, रिमवर ताण जास्त. वरच्या उदाहरणात २२३७ घेराला तीच रिम ढोबळमानाने ६१० किलोलाच पुरते. जिम्नी हलकी आहे. नोंदणीपत्राच्या ८.१ आणि ८.२ रकान्यांत एक्सलवरचं कमाल वजन असतं, त्याचं निम्मं एका चाकाच्या वाट्याला येतं, आणि ६१० हून ते बरंच खाली राहतं. म्हणजे ताकद असते. पण तपासनीस स्वतः गुणाकार करून सही करणार नाही. त्याला रिम बनवणाऱ्याचं पत्र लागतं: अमुक क्रमांकाची रिम, अमुक घेरापर्यंत, अमुक किलो. माझ्या रिमच्या अहवालातला घेर २२३७ हून कमी होता आणि पत्र नव्हतं, म्हणून पहिल्या भेटीत काम तिथेच थांबलं. पत्र मागितल्यावर बनवणाऱ्याने दिलं. ते खरेदीआधीच मागावं. विक्री झाल्यावर उत्तर यायला फार वेळ लागतो.

टायरच्या बाजूने तपासणी सोपी आहे. भार-निर्देशांक जुन्याइतका किंवा एक्सलला पुरेसा हवा: कंपनीच्या टायरवर ९६ आहे, म्हणजे ७१० किलो. २३५/७५ आर१५ मध्ये १०४ (९०० किलो) किंवा त्याहून वरचे सहज मिळतात. वेगाचं अक्षर नोंदणीपत्राच्या ‘टी’ रकान्याशी जुळवा. जिम्नीचा कमाल वेग १४५, त्यामुळे १६० किमीचं ‘क्यू’ सुद्धा चालतं. हिवाळ्यासाठी मात्र डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह बघून घ्या. ऑक्टोबर २०२४पासून नुसतं ‘एम+एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेला टायर इथे हिवाळी धरला जात नाही, आणि खोल नक्षीच्या मातीच्या टायरांवर ते चिन्ह बहुधा नसतं.

आता चाक बाहेर किती येतं ते. ऑफसेट ५ वरून शून्यावर आला की चाकाचा मध्य ५ मिमी बाहेर सरकतो. २३५ चा टायर ७ इंची रिमवर थोडा फुगतो, धरा २४०. म्हणजे टायरची बाहेरची भिंत ५ अधिक २२.५, एकूण २७.५ मिमी बाहेर, आणि आतली १७.५ मिमी आत. बाहेरच्या बाजूचा नियम असा आहे: चाकाच्या मध्यातून उभी रेघ धरली तर तिच्यापुढे ३० अंश आणि मागे ५० अंश, एवढ्या पट्ट्यात टायर वरून झाकलेला हवा. मागचा ५० अंशाचा टोकाचा भागच उघडा पडतो, कारण मडगार्ड तिथे आत वळलेलं असतं. उपाय म्हणजे रुंद फ्लेअर (मडगार्डवर बसवायची बाहेर आलेली कड) किंवा चिकटवायची रबरी पट्टी. पण फ्लेअरलाही स्वतःचे कागद लागतात. कागद नसलेला सुंदर फ्लेअर घेतलात तर टायरसाठी गेलेली गाडी फ्लेअरपायी परत येते.

आतल्या बाजूची तपासणी घरी करता येते आणि ती करावीच. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सल, कॉइल स्प्रिंग आणि एक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड आहे. एक्सल वर दबतो तेव्हा त्या रॉडमुळे तो सरळ वर न जाता थोडा एका बाजूला सरकतो. म्हणून डाव्या आणि उजव्या चाकाची मोकळी जागा सारखी नसते, दोन्ही मोजावी लागते. पद्धत अशी: गाडी चेसिसखाली पक्क्या स्टँडवर घ्या, एका बाजूचा स्प्रिंग काढा, चाक लावा आणि जॅकने एक्सल बंप स्टॉप (एक्सलला वर येताना थांबवणारा रबरी ठोकळा) टेकेपर्यंत वर उचला. नक्षीच्या कडेला शिंप्याचा खडू जाड लावा. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. जिथे टायर लागतो तिथे खडू उमटतो. माझ्याकडे तीन खुणा उमटल्या: पुढच्या बंपरच्या खालच्या कोपऱ्यावर, चाकाच्या मागच्या प्लॅस्टिक लायनरवर, आणि स्टिअरिंग पूर्ण मारल्यावर आतल्या बाजूने रेडियस आर्मवर (एक्सलला चेसिसशी जोडणारा लांब दांडा). प्लॅस्टिक कापून किंवा गरम करून मागे सारता येतं. रेडियस आर्मवरची खूण तशी मिटत नाही. तिथे स्टिअरिंगच्या स्टॉपखाली वॉशर देऊन वळण थोडं कमी करावं लागतं. गाडीचं वळणाचं वर्तुळ वाढतं, आणि तपासनिसाला हे आपणहून सांगायचं असतं, कारण तोही बदलच आहे आणि अहवालात नोंदवला जातो.

३० मिमीचे उंच स्प्रिंग लावले तर हा प्रश्न सुटेल असं अनेकांना वाटतं. स्प्रिंग गाडीला उभ्याने उचलतात. एक्सल पूर्ण दबला की चाक जवळपास तिथेच पोचतं. शिवाय स्प्रिंगचा अहवाल कंपनीच्या टायरवर केलेला असतो. दोन्ही एकत्र आले की दोन वेगवेगळे अहवाल पुरत नाहीत, जोडी म्हणून कलम २१ची तपासणी लागते. स्प्रिंग लावायचेच असतील तर दोन्ही एकाच भेटीत दाखवा.

स्पीडोमीटर. संयुक्त राष्ट्रांचा नियम ३९ म्हणतो की काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, आणि जास्त दाखवला तर खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमी, यापेक्षा जास्त नको. जीपीएसवर खरे १०० असताना माझा काटा कंपनीच्या टायरवर १०५ दाखवत होता. ५.८ टक्के मोठ्या टायरवर तोच काटा ९९ वर आला. कमी पडला जेमतेम १ किमी, पण नापास तो नापासच, आणि ते बरोबर आहे: शहरात ५० च्या हद्दीत माणूस नकळत ५० ओलांडतो. वेगाच्या सिग्नलच्या तारेत बसणारं दुरुस्ती-यंत्र लावून काटा खऱ्या १०० ला १०३ वर आणला. अगदी १०० वर आणू नका. टायर झिजतो, हवा कमीजास्त होते, थोडं अंतर राखलेलं बरं. टायरचा दाब सांगणारे सेन्सर नव्या रिममध्येही बसवा. एम१ गाडीत ती यंत्रणा मंजुरीचाच भाग आहे. दिवा पेटलेला ठेवून गेलात तर तपासणी तिथेच संपते.

तपासणीला गाडी घेऊन जाण्याबद्दल कलम १९(५) वाचून ठेवा. मंजुरी संपलेल्या गाडीने फक्त नवी मंजुरी मिळवण्याशी थेट संबंध असलेला प्रवास करता येतो. थेट केंद्रावर आणि थेट परत. आधी वीकेंडला मातीत फिरून मग तपासणी, हे चालत नाही.

तपासणीचा दिवस तासा-दीड तासाचा होता. प्रत्यक्ष टायर आणि रिमवरचे आकडे कागदाशी ताडून पाहिले. नट १०० न्यूटन-मीटरला तपासले. मग पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक उंचवट्यावर चढवून दोन्ही टोकांपर्यंत स्टिअरिंग, नंतर उलटा कर्ण. बॅटरी घेऊन चारही चाकांच्या आत डोकावणं. ३० आणि ५० अंशांची मापं. ब्रेक रोलरवर: टायर मोठा झाला की त्याच ब्रेकचा रस्त्यावरचा जोर साडेपाच टक्क्यांच्या आसपास घटतो. शेवटी रस्त्यावर वेग ताडून पाहणं आणि मोकळ्या जागी झटकन डावीकडे-उजवीकडे. गाडी धुऊन न्या. चिखल असेल तिथे घासल्याची खूण दिसत नाही आणि तपासनीस संशय धरतो. कापलेल्या लायनरच्या कडा घासून गुळगुळीत करा, लोंबकळणारा तुकडा ठेवू नका.

मिळालेला अहवाल नोंदणी कार्यालयात त्याच आठवड्यात द्या. कलम २१ असेल तर नवी मंजुरी तिथूनच मिळते, केंद्रावरच्या कागदाने काम पुरं होत नाही. नवं नोंदणीपत्र हातात आलं की काउंटरवरच वाचा: टायरचा आकार १५.१ आणि १५.२ मध्ये किंवा २२ व्या रकान्यातल्या शेऱ्यात, रिमची रुंदी आणि ऑफसेट, फ्लेअर, स्टिअरिंगची मर्यादा, स्पीडोमीटरची दुरुस्ती. माझ्या शेऱ्यात ऑफसेटचा आकडा सुटला होता. तो तिथल्या तिथे भरून घेतला. जुना टायर ‘ऐवजी चालेल’ असा राहिला आहे का तेही बघा. राहिला असला तरी हिवाळ्यात कंपनीची चाकं परत लावताना काटा पुन्हा तपासावा लागेल, कारण दुरुस्ती-यंत्र चालू असताना लहान टायरवर तोच काटा खऱ्या १०० ला १०९ दाखवतो. ते नियमात बसतं, पण किलोमीटरचा हिशोब चुकतो. विम्याला नव्या नोंदणीपत्राची प्रत पाठवा आणि ५० किमीनंतर नट पुन्हा १०० ला तपासा.