थंडीतली सायकल आणि उसाच्या ट्रॉल्या

कोल्हापूरच्या थंडीला उत्तरेकडची माणसं थंडी म्हणणार नाहीत. डिसेंबर-जानेवारीत पारा १४-१५ अंशांवर आला की आमच्याकडे स्वेटर-कानटोप्या निघतात. तरी पहाटे शिवाजी पुलावरून एकदा सायकल घालून बघा. रात्रभर गार हवा नदीकाठच्या सखल भागात उतरून साचलेली असते, त्यात पंचगंगेची ओल. पूल ओलांडेपर्यंत बोटं अशी बधिर होतात की ब्रेक किती दाबला तेच कळत नाही. त्यामुळे माझी पहिली खरेदी हातमोज्यांची, तीही पूर्ण बोटांच्या. अर्ध्या बोटांचे दिसायला झकास, पण या कामाचे नाहीत.

पन्हाळा रोडला जायला लागले तशी आई दारातच अडवायची, "कानाला बांध आधी, मग कुठं जायचं ते जा." हेल्मेटखाली बसेल असा पातळ रुमाल बांधते. बाकी कपड्यांचं गणित हळूहळू जमलं. जाड जॅकेट घरीच. ते वडणगे फाट्यापर्यंत बरं वाटतं, पुढं आतून घाम सुटतो. सुती कपडा तो घाम धरून ठेवतो आणि वारा लागला की अंग गारठतं. म्हणून आत लवकर वाळणारा टी-शर्ट, वर हलकं विंडचीटर. घरातून निघताना थोडं कुडकुडायला झालं तर कपडे बरोबर आहेत असं समजायचं. सुरुवातीला हलक्या गिअरवर पाय मोकळे केले की ऊब आपोआप येते.

पण थंडीनं कुणी पडत नाही. भीती आहे ती उसाची. गळीत हंगाम आणि थंडी एकदमच येतात. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे आपण अंधारात, धुक्यात, आणि पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचा दिवा असलाच तर वाढ्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याखाली, झाकलेला. केर्लीत चहाच्या टपरीवर एका ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, "दादा, गाणी जरा बारीक लावा की, मागची घंटी ऐकू येईल." तो हसला. "ताई, गाणी बंद केली तरी इंजिन वाजतंयच की. आरशात बघावं तर नुसता ऊस दिसतोय."

तेव्हापासून आपण त्याला दिसतच नाही असं धरूनच चालवते. चढाला ट्रॉली डुलते, म्हणून डावीकडून कधीही घुसायचं नाही. समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसला तरच उजवीकडून, नाहीतर धूर खात मागं, चांगलं अंतर ठेवून. रस्त्यावर पडलेली कांडी हा वेगळाच प्रकार. चेपून सपाट झालेलं, दवानं भिजलेलं चिपाड बुळबुळीत असतं आणि अख्खं कांडं चाकाखाली गोल फिरतं. चुकवता आलं नाही तर हँडल सरळ धरायचं, त्यावर असताना ब्रेक लावायचा नाही.

ट्रॉलीचा रिफ्लेक्टर स्वतः उजळत नाही, आपला उजेड त्यावर पडावा लागतो. म्हणून पुढचा दिवा चांगला हवा, पण धुक्यात तो खाली झुकवायचा. सरळ धरला तर उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यांवर येतो. मागं लाल दिवा, शिवाय पायाच्या घोट्यांना चमकणारे पट्टे. पायडलबरोबर ते वरखाली हलतात, त्यामुळे मागच्याला लांबूनच सायकल ओळखू येते. रात्री चार्जिंगला मोबाइलच्या आधी दिवे लावते.

वाघबीळवरून पन्हाळ्याचा घाट चढताना विंडचीटर काढून पिशवीत. तहान लागत नसली तरी घोटघोट पाणी प्यायचं, घाम जातोच. उतरण्याआधी मात्र विंडचीटर घालून छातीवर कालच्या पेपरची घडी सारते. वारा बरोबर अडतो. वळण येण्याआधीच वेग कमी करायचा, सावलीतला डांबरी रस्ता उशिरापर्यंत ओला असतो.

संक्रांत झाली की हातमोजे कपाटात जातात. दिवे मात्र सायकलवरच राहतात, कारखान्यांचं गाळप मार्चपर्यंत चालू असतं.