तुम्ही विचारलंत म्हणून : मशीनआधी कागद कशाला?

प्रश्न बहुतेक वेळा एकाच सुरात येतो. प्रदर्शनात कोणीतरी माझ्या क्विल्टवरून, म्हणजे मशीनवर शिवलेल्या गोधडीवरून, हात फिरवत असते, टाक्यांच्या वळणांचे कौतुक करत असते, आणि तेवढ्यात टेबलाखाली ठेवलेली माझी वही तिच्या नजरेस पडते. मग स्वर थोडा उतरतो. "म्हणजे तुम्ही हे आधी कागदावर काढता होय?" नातेवाइकांचा प्रश्न अधिक सरळ असतो: इतकी वर्षे मशीन चालवतेस, मग अजून शाळेतल्या मुलीसारखी गिरवत काय बसतेस? शिकायला येणाऱ्या मुली आडवळणाने विचारतात, "ताई, थेट मशीनवर बसलं तर नाही का चालणार?" आजवर मी या सर्वांना 'सवय आहे' एवढेच उत्तर देत आले. ते खोटे नाही, पण ते उत्तर देताना मला दर वेळी काहीतरी लपवल्यासारखे वाटते, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

मी करते ते फ्री मोशन क्विल्टिंग, म्हणजे मशीनखाली कापड हातांनी हवे तसे फिरवत गोधडीच्या थरांवर टाक्यांची नक्षी काढणे. एवढेच ध्यानात घ्यावे की सुईखाली कापड सरकवणारे मशीनचे दाते खाली पाडले की कापड पुढे ओढणारे कोणी उरत नाही. टाका किती लांब पडणार आणि रेघ कुठे वळणार, हे सारे माझ्या दोन तळव्यांवर येऊन पडते. मी मशीन फार पळवत नाही. मिनिटाला साधारण 400 टाके. इंचाला 10 टाके धरले, तर मिनिटाला 40 इंच, म्हणजे एक मीटर रेघ उमटते. चहाला उकळी येईपर्यंत चार-पाच मीटर. हे गणित मी मुद्दाम मांडते आहे, कारण 'सुचेल तसं करत जायचं' असे म्हणणाऱ्यांना सुचायला किती वेळ मिळतो, हे त्यातून कळते. हात थबकला आणि पाय पेडलवर राहिला, तर एकाच भोकात टाक्यांचा गोळा होतो. हात घाबरून सुटला, तर वळणावर मागच्या बाजूचा दोरा पापण्यांसारखा उभा राहतो. विचार करायला तिथे जागा नाही. विचार आधीच झालेला असावा लागतो.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. मी कागदावरचे चित्र कापडावर उतरवत नाही. बाजारात मशीनवर भरतकाम करणारे कारागीर टोचलेल्या ट्रेसिंग पेपरवर रॉकेलात कालवलेली नीळ फिरवून छापा उमटवतात आणि मग त्या रेघेवरून सुई नेतात; त्यांना 'आधी काढता होय?' असे कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. माझ्या कापडावर अशी रेघ नसते. कागद बाजूला पडतो आणि मी मशीनवर बसते. मग कागदाचा उपयोग काय, तर वाट पाठ करण्याचा. कोयरी कशी दिसते हे मला ठाऊक आहे. कोयरीच्या पोटात शिरून, आतली नक्षी भरून, दोरा न तोडता शेंड्याकडून बाहेर कसे पडायचे आणि पुढच्या कोयरीच्या देठाशी कसे पोहोचायचे, हे ठाऊक नसते. कागदावर मी तेवढेच शोधते.

म्हणून मी पेन्सिल वापरत नाही, बॉलपेन वापरते. पेन्सिल हातात असली की खोडरबराची आठवण येते, आणि मशीनला खोडरबर नाही. पेन टेकवले की उचलायचे नाही. कागद फिरवायचा नाही, कारण मशीनखाली जाडजूड क्विल्ट फिरवता येत नाही. जिथे रेघ स्वतःवरूनच परत जाते तिथे मी लहानशी फुली करते. कागदावर दुहेरी रेघ बेमालूम लपते, पण कापडावर तिथे दोऱ्याचा थर चढतो आणि तो उन्हात लांबूनही दिसतो. पहिले पान नेहमी भिकार असते. पाचव्या-सहाव्या पानापर्यंत रेघ स्वतःच्या पायांवर चालू लागते, आणि त्यानंतर कधीतरी असा क्षण येतो की मी शेजारणीशी बोलत असते आणि हात बरोबर वळतो. तेव्हा मी पेन ठेवते.

पुढे एक अडचण ध्यानात आली. वहीत आपण बोटांनी काढतो आणि मशीनवर हालचाल कोपरापासून होते. वहीत गुळगुळीत येणारे वळण मशीनवर कोनासारखे मोडते. आता मी शेवटची पाने मोठी घेते, दोन तळव्यांमध्ये मशीनवर जेवढा चौकोन मावतो तेवढी, साधारण 25 सेंटीमीटरची. त्यासाठी जुन्या कॅलेंडरची पाठ उत्तम. मात्र कालनिर्णयची पाठ पाककृती आणि लेखांनी भरलेली असते, म्हणून बँकेची कॅलेंडरे जमवावी लागतात. तरीही कागद आणि मशीन यांत एक फरक उरतोच. कागदावर पेन हलते, मशीनवर सुई जागीच असते आणि हलते ते कापड. पेन एका हाताने धरून कागद सरकवण्याचा प्रयोग मी करून पाहिला आहे. घरातली माणसे हसली, आणि त्यांचे काही चुकले नाही.

इथवरचे सारे मी कोणालाही सांगू शकले असते. पुढचे सांगितलेले नाही.

मी पूर्वी कागदावर काढत नसे. पहिली पाच-सहा वर्षे थेट मशीनवरच बसत होते आणि त्याचा मला अभिमान होता. माझा हात मोकळा आहे, असे लोक म्हणत, आणि मीही म्हणत असे. कागद घेऊन बसणाऱ्या एका मैत्रिणीला मी चारचौघींत 'तू शिवतेस की गृहपाठ करतेस?' असे विचारलेले मला आठवते. तिने तेव्हा उत्तर दिले नाही.

आई गेल्यानंतर तिच्या साड्यांची वाटणी झाली. धाकट्या बहिणीने एकच मागितली, आईची इरकल. काळपट हिरवे सुती अंग आणि तांबडा रेशमी पदर, त्यावर पांढरी नक्षी. अंग जागोजागी विरले होते, पदर मात्र शाबूत होता. बहीण म्हणाली, "नेसण्यासारखी राहिली नाही, तूच हिचं काहीतरी करून दे." मी क्विल्ट करायचे ठरवले: मधोमध पदराचा चौकोन, भोवती सुती अंगाच्या पट्ट्या. जोडकाम छान झाले. आत वॅडिंग म्हणजे मऊ भरण, खाली अस्तर, तिन्ही थरांना वीतभर अंतरावर सेफ्टी पिना. आणि एका संध्याकाळी मी दाते पाडले आणि पदराच्या मध्यावर सुई टेकवली. कोयऱ्यांची वेल काढायची, एवढेच मनात होते. कोणती वेल, कुठून कुठे, किती दाट, यातले काहीही नव्हते.

पहिली वीस मिनिटे मी इतकी खुशीत होते की ती खुशी आजही आठवते. कोयरीतून कोयरी निघत होती. पदर चमकत होता. वेल चौकोनाच्या एका कोपऱ्याकडे गेली आणि तिथे अडकली. दोन्ही बाजूंना भरलेल्या कोयऱ्या आणि समोर जोडाची शिवण. बाहेर पडायला मी आधीच्या रेघेवरून मागे आले, मग पुन्हा मागे, आणि तेवढ्या जागेत दोऱ्याची जाड दोरी झाली. ती लपवण्यासाठी मी आजूबाजूला आणखी दाट भरले. मी थांबायला हवे होते. थांबले नाही, कारण थांबणे म्हणजे हात मोकळा नाही असे कबूल करणे होते. तासाभराने क्विल्ट मशीनखालून काढून जमिनीवर पसरला तेव्हा मधला भाग वाटीसारखा आत ओढला गेला होता आणि भोवतीच्या पट्ट्या लाटांसारख्या उभ्या राहिल्या होत्या. एका ठिकाणी दाट आणि बाजूला विरळ शिवले की कापड असेच आक्रसते. हे मला माहीत नव्हते असे नाही.

मी उसवायला बसले. वीस मिनिटे म्हणजे वीस मीटर, म्हणजे आठ हजार टाके, आणि मी तर तासभर शिवले होते. नऊ संध्याकाळी गेल्या. सुती कापडात टाका निघाला की ओल्या फडक्याने पुसून सुईचे भोक बरेचसे मिटते. रेशमात मिटत नाही. टाके निघाले आणि माझ्या चुकीचा संपूर्ण नकाशा पदरावर भोकांनी टोचलेला राहिला. दिव्यासमोर धरला तर प्रत्येक कोयरी ओळखू येत होती. सातव्या संध्याकाळी, जिथे दोरी झाली होती तिथे, सीम रिपरचे, म्हणजे टाके उसवायच्या अवजाराचे, टोक दोऱ्याऐवजी रेशमाखाली गेले. आवाज अगदी बारीक झाला. चीर दोन बोटे लांब होती. मी ती कितीतरी वेळ दोन्ही बाजूंनी जवळ ओढून धरून बसले होते, जणू धरून ठेवली की सांधली जाईल.

शेवटी मी पदराच्याच उरलेल्या काठातून एक लहान कोयरी कापली आणि त्या चिरेवर लावली. पुढचे सारे क्विल्टिंग साध्या समांतर रेघांत केले. क्विल्ट बहिणीला दिला. तिने तो मांडीवर घेतला, कोयरीवर अंगठा फिरवला आणि विचारले, "ताई, ही मुद्दाम लावलीस?" मी म्हणाले, "हो, मुद्दाम." आईची एकच साडी, तीही बहिणीच्या वाट्याची, मी मिरवण्यात फाडली होती, आणि वर तिला नक्षी म्हणून सांगितले.

त्यानंतर मी वही विकत आणली. तेव्हा 'सवय आहे' हे उत्तर देताना मी काय लपवते, ते आता तुम्हाला कळले असेल.

अर्थात, माझ्यातली ती जुनी बाई अजून गप्प बसलेली नाही, आणि तिचे मुद्दे तकलादू नाहीत. ती म्हणते, आजीने आयुष्यात शेकडो गोधड्या शिवल्या, कधी कागद घेतला का? मी सांगते की आजीचा धावदोरा होता; दोन टाक्यांच्या मध्ये तिला विचार करायला वेळ होता आणि चार टाके उसवले तर कोणाचे काही बिघडत नव्हते. मग ती विचारते, आणि अंगणातली रांगोळी? ती तर आजी बोलता बोलता काढायची. यावर माझे उत्तर तयार असते: आजी सात वर्षांची असल्यापासून तीच रांगोळी काढत होती, रोज पुसत होती, रोज नव्याने काढत होती, अंगण हीच तिची वही होती. हे उत्तर मला फार आवडते, म्हणूनच माझा त्यावर पुरता विश्वास नाही. आजीने सराव म्हणून एकही रांगोळी काढली नव्हती. ती दर वेळी खरीच काढत होती.

कागद म्हणजे हातात कला नसल्याची कबुली, हे मात्र मी मान्य करणार नाही. मशीनवर केलेल्या क्विल्टिंगलाही एके काळी लोक असेच नाक मुरडत. अमेरिकेत पड्युका येथील क्विल्टच्या मोठ्या प्रदर्शनात 1989 साली कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर क्विल्टिंग केलेल्या कामाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा मशीनच्या क्विल्टला तो मान पहिल्यांदाच मिळत होता, आणि त्यावरून बरीच कुरबूर झाली. मशीनला फसवणूक समजणारे आता कमी झाले. त्यांची जागा बहुधा कागदाला फसवणूक समजणाऱ्यांनी घेतली असावी.

पण कागदाची बाजू घेताना हेही सांगायला हवे की कागदाने मला एकदा चांगलेच बुडवले आहे. दोन वर्षांपूर्वी एका पांढऱ्या सलग कापडाच्या क्विल्टसाठी मी चाळीस पाने काढली. वाट तोंडपाठ होती. कुठेही अडकले नाही, कुठेही दोन रेघांचा थर नाही, घनता सगळीकडे सारखी. पूर्ण झालेला क्विल्ट भिंतीवर लावला आणि तो मला सरकारी अर्जासारखा दिसला. बिनचूक, आणि त्यात कोणीही नव्हते. इरकलीवरची ती पहिली वीस मिनिटे, ज्यांचे टाके मी एकेक करून उसवले, त्यांत जे होते ते या चाळीस पानांत कुठेच आले नाही. त्या कोयऱ्यांचे छायाचित्रही मी काढून ठेवले नव्हते. त्यामुळे त्या खरेच तशा होत्या की मला आता तशा आठवतात, हे तपासण्याची सोय नाही.

मुलींना मी अजूनही वही आणायला सांगते. मात्र पाने किती, हे आता सांगत नाही. एक मुलगी सहा आठवडे नुसती काढतच राहिली, आणि एके दिवशी मी तिला जवळजवळ ओरडूनच मशीनवर बसवले. तिची पहिली वेल वेडीवाकडी आली. तिला ती आवडली. मला कोपऱ्यातली कोंडी दिसत होती, पण मी बोलले नाही.

मागच्या महिन्यात बहिणीने इरकलीचा क्विल्ट माझ्याकडे पाठवला. ती तो रोज वापरते, मशीनमध्ये धुते; त्या कोयरीच्या कडा सुटून आल्या आहेत आणि खालची चीर पुन्हा दिसू लागली आहे. तिने चिठ्ठीत चिरेविषयी काही लिहिले नव्हते, फक्त 'कोयरी नीट करून दे' एवढेच होते. मी नवी कोयरी कापली आहे. ती पक्की करायला तिच्यावरून फार तर हातभर रेघ न्यावी लागेल, म्हणजे अर्ध्या मिनिटाचे काम. त्यासाठी वहीची अकरा पाने भरून झाली आहेत. काल तिचा फोन आला.

"ताई, झालं का?"

"काढतेय."

"काढतेयस की शिवतेयस?"

"काढतेय," मी पुन्हा म्हणाले.