तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बातम्या खऱ्या असतात का?

मी बरीच वर्षं एका वर्तमानपत्रात शेवटच्या पानावरची ‘जरा हटके’ छापाची चौकट सांभाळायचो, हे समोरच्याला कळलं की पाच-दहा मिनिटांत प्रश्न येतोच. ‘त्या बातम्या खऱ्या असतात का हो? की जागा भरायला तुम्हीच काहीतरी ठोकून द्यायचात?’ विचारणारा हसत विचारतो. मीही हसत ‘निम्म्या खऱ्या’ म्हणतो आणि सुटतो. पण तुम्ही चहा संपल्यावरही उठला नाहीत, पुन्हा तेच विचारलंत, म्हणून यावेळी नीट सांगतो. बातमी खरीच असते. फक्त ती निम्मीच छापलेली असते.

हे कसं होतं ते आधी पाहू. बातमी लिहायची रीत ठरलेली आहे. काय घडलं, कुठे, कोणाला, किती, हे वर. का घडलं, त्याआधी काय झालं होतं, समोरच्याचं म्हणणं काय, हे खाली. रात्री पान लावताना जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापत येतो, कारण मधून कापायचं तर बातमी वाचावी लागते आणि तेवढा वेळ नसतो. पावसाची, निवडणुकीची बातमी खालून चार ओळी कापली तर फारसं बिघडत नाही. हटके बातमीचं मात्र वाटोळं होतं. तिच्यातलं ‘काय’ एका ओळीचं असतं आणि सगळा जीव त्या ‘का’मध्ये असतो. कात्री नेमकी तिथूनच चालायला लागते. जे उरतं त्याला आपण गंमत म्हणतो.

उदाहरण द्यायचं तर एमूंचं. ऑस्ट्रेलियाने पक्ष्यांशी युद्ध केलं आणि ऑस्ट्रेलियाच हरला, ही बातमी दर वर्षा-दोन वर्षांनी कोणीतरी मला नव्याने ऐकवतं. खरी आहे. १९३२च्या नोव्हेंबरात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅम्पियन भागात मेजर मेरेडिथ दोन लुईस मशिनगन आणि १०,००० गोळ्या घेऊन एमूंवर चालून गेले. समोर एमू सुमारे २०,०००. पहिला बार उडाला की कळप फुटायचा आणि पक्षी चहूकडे पांगायचे. एकदा ऐन वेळी बंदूकच अडकली. मग ती ट्रकवर बसवून पाठलाग झाला, तर खडबडीत जमिनीवर ट्रक इतका हादरायचा की नेम धरता येईना. आठवडाभरात तुकडी माघारी बोलावली. थोड्या दिवसांनी ती पुन्हा गेली आणि डिसेंबरात तोही प्रकार आटोपला.

इथे बातमी संपते. कापलेल्या भागात काय होतं? ज्या शेतकऱ्यांसाठी ही मोहीम निघाली, ते बरेचसे पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक होते. सरकारने त्यांना कसायला जमिनी दिल्या होत्या, त्यातल्या पुष्कळशा हलक्या. मंदीत गव्हाचे भाव कोसळले आणि मदतीची आश्वासनं कागदावरच राहिली. त्यात वीण संपवून आतल्या भागातून किनाऱ्याकडे निघालेल्या एमूंना वाटेत मोकळी केलेली शेतं आणि गुरांसाठी साठवलेलं पाणी सापडलं, आणि ते तिथेच मुक्कामाला राहिले. त्यांनी मोडलेल्या कुंपणांतून मागोमाग ससे आत शिरले. अशा माणसांनी सरकारकडे मशिनगन मागितल्या, कारण मशिनगन काय करते ते त्यांनी खंदकांमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. यात मला तरी वेडगळ काही दिसत नाही. पुढे मारलेल्या एमूमागे बक्षीस देणं सुरू ठेवलं आणि १९३४मध्ये सहा महिन्यांत ५७,०३४ बक्षिसं वाटली गेली. तो उपाय कंटाळवाणा होता, पण लागू पडला. म्हणून तो कोणी कोणाला ऐकवत नाही.

देवमाशाची बातमीही तुम्ही ऐकली असेल. १२ नोव्हेंबर १९७० रोजी अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या फ्लॉरेन्सजवळ, किनाऱ्याला लागलेला सुमारे आठ टनांचा मेलेला देवमासा डायनामाइटने उडवला. डायनामाइटच्या वीस पेट्या, म्हणजे अर्ध्या टनाच्या आसपास. बेत असा की बारीक तुकडे होतील आणि समुद्रपक्षी ते खाऊन किनारा साफ करतील. प्रत्यक्षात मांसाचे लगदे बघ्यांच्या अंगावर पडले, पाव मैलावर उभी असलेली एक मोटार चेपली, देवमाशाचा मोठा भाग होता तिथेच राहिला आणि आवाजाने पक्षी पळाले. तिथे एक स्थानिक दूरचित्रवाणी वार्ताहर हजर होता, म्हणून हे सगळं चित्रफितीवर आहे. नाहीतर मीसुद्धा थाप म्हणून सोडून दिलं असतं.

मला यात सगळ्यात आवडतो तो कोणी न छापलेला तपशील. हे काम महामार्ग खात्याने केलं. देवमाशाशी रस्तेवाल्यांचा काय संबंध? संबंध असा की ओरेगनने १९१३मध्ये कायद्याने आपला समुद्रकिनारा सार्वजनिक महामार्ग ठरवला होता. वाळू खासगी मालकांच्या घशात जाऊ नये म्हणून काढलेली ती युक्ती होती, आणि फार चांगली होती. सत्तावन्न वर्षांनी त्याच युक्तीमुळे एक मेलेला देवमासा ‘रस्त्यावरचा अडथळा’ म्हणून अभियंत्यांच्या पदरात पडला. खडकाला जे करतात ते त्यांनी माशाला केलं. (मासा नव्हे, सस्तन प्राणी. चौकटीत ही चूक केली की हमखास पत्रं यायची.) १९७९मध्ये त्याच किनाऱ्यावर ४१ देवमासे लागले तेव्हा ते जाळून पुरले. त्याची चौकट कुठे पाहिलीत?

या बातमीचा पुढचा जन्म तर तुमच्या प्रश्नाच्या आणखी जवळचा आहे. नव्वदच्या दशकात ती संगणकांवरून पुन्हा फिरायला लागली. तारीख वाटेत गळून पडलेली. त्यामुळे ती कालचीच आहे असं समजून लोक महामार्ग खात्याला फोन करायला लागले. घटना शंभर टक्के खरी आणि बातमी साफ खोटी, हे एकाच वेळी घडू शकतं. आज माझ्याकडे जे पाठवलं जातं त्यात निव्वळ थापा कमी असतात. तारीख किंवा गाव पुसलेल्या जुन्या खऱ्या गोष्टीच जास्त.

निव्वळ थाप कशी ओळखायची याबद्दल माझा एक समज होता: थापेत तपशील कमी असतात. हा समज न्यूयॉर्कच्या ‘सन’ या वर्तमानपत्राने पार मोडून काढला. १८३५च्या ऑगस्टमध्ये त्यांनी सहा हप्त्यांत छापलं की खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना चंद्रावर जीवसृष्टी दिसली आहे, वटवाघळासारखे पंख असलेली माणसंसुद्धा. दुर्बिणीच्या भिंगाचं वजन, व्यास, सगळं दिलेलं. हर्शेल खरे होते आणि त्या वेळी खरोखरच दक्षिण आफ्रिकेत आकाशाची पाहणी करत होते. त्यांच्या नावावर काय खपवलं जातंय हे त्यांना बिचाऱ्यांना पुष्कळ उशिरा कळलं. ज्या एडिंबराच्या शास्त्रीय नियतकालिकाचा हवाला दिला होता, ते मात्र त्याआधीच बंद पडलेलं होतं. एवढी एक गोष्ट कोणी तपासली असती तर डोलारा पहिल्याच दिवशी कोसळला असता.

आणि उलटंही होतं. १९९७मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या प्रयोगशाळेत आंद्रे गाइम यांनी जिवंत बेडूक चुंबकाच्या जोरावर हवेत तरंगवला. छायाचित्र भौतिकशास्त्राच्या एका मासिकाच्या एप्रिलच्या अंकात आलं, त्यामुळे कित्येक शास्त्रज्ञांनाही ती एप्रिल फूलची थाप वाटली. बेडकात बहुतेक पाणीच असतं, पाण्याला चुंबक अगदी किंचित दूर ढकलतो, आणि चुंबक पुरेसा बलवान असेल तर तेवढं ढकलणंही बेडूक तोलायला पुरतं. लोकांनी हसून घेतलं. २०००मध्ये गाइम यांना याच बेडकाबद्दल इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. २०१०मध्ये ग्राफीनसाठी, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या पापुद्र्यावरच्या कामासाठी, खरं नोबेल मिळालं.

आता माझं पाप.

१९९४चा ऑगस्ट. तारेवर बातमी आली: अमेरिकेत एका बाईंनी मॅकडोनाल्ड्सची कॉफी स्वतःच्याच अंगावर सांडली, कंपनीवर दावा लावला आणि ज्यूरीने त्यांना जवळपास २९ लाख डॉलर मंजूर केले. मी मथळा दिला, ‘कॉफी सांडा, कोट्यधीश व्हा!’ संपादकांनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम बोलावून पाठ थोपटली. पुढे वर्षभर लोक मला तो मथळा ऐकवायचे. हसले नव्हते असे फार थोडे.

खटल्याचे तपशील मी नीट वाचले ते दहा-बारा वर्षांनी, एका लेखासाठी खटल्यांच्या गमती गोळा करताना. बाई ७९ वर्षांच्या होत्या. गाडी त्या चालवत नव्हत्या, नातू चालवत होता आणि त्या क्षणी गाडी थांबलेली होती. दूध-साखर घालायला त्यांनी पेला गुडघ्यांत धरून झाकण ओढलं. कॉफी होती ८२ ते ८८ अंश सेल्सिअसची, कंपनीच्या नियमाप्रमाणे. अंगावरच्या स्वेटपँटने ती शोषून घेतली आणि कातडीला धरून ठेवली. मांड्या आणि जांघा तिसऱ्या श्रेणीपर्यंत भाजल्या. आठ दिवस रुग्णालय, त्वचारोपण, पुढे दीर्घ उपचार. त्यांनी आधी मागितले ते २०,००० डॉलर, खर्च भरून काढायला. कंपनीने देऊ केले ८००. मग खटला उभा राहिला आणि त्यात कळलं की आधीच्या दहा वर्षांत अशा भाजण्याच्या सातशेहून जास्त तक्रारी कंपनीच्या दप्तरात होत्या.

ज्यूरीने २० टक्के दोष बाईंच्या पदरात घातला, भरपाई त्या मानाने कमी केली. बाकीची मोठी रक्कम, २७ लाख, हा कंपनीला केलेला दंड होता. तो आकडा निघाला कंपनीच्या कॉफीच्या साधारण दोन दिवसांच्या विक्रीवरून. न्यायाधीशांनी तो उतरवून ४,८०,००० वर आणला, भरपाई धरून एकूण ६,४०,०००. शेवटी दोन्ही पक्षांनी आपसात मिटवलं आणि खरी रक्कम कधी जाहीरच झाली नाही. म्हणजे माझ्या मथळ्यातल्या ‘कोट्यधीश’पर्यंत त्या पोचल्या का, हेही मी सांगू शकत नाही.

मी ज्यांना हे सांगतो ते म्हणतात, जाऊ द्या हो, विनोद होता. असेल. पण तेव्हापासून हटके बातमी आली की मी एकच पाहतो: यात हसायचं कोणाला आहे? अभियंत्यांना हसा, सैन्याला हसा, त्यांना ते झेपतं. हसण्याच्या टोकाला एकटं, म्हातारं, गरीब किंवा आजारी माणूस असलं की मी खालचा परिच्छेद शोधायला लागतो. बहुतेक वेळा तो असतो.

आमच्या धंद्यात नवीन पोराला पहिल्या दिवशी ऐकवतात: कुत्रा माणसाला चावला तर बातमी नाही, माणूस कुत्र्याला चावला तर बातमी. हे वाक्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या अमेरिकी वर्तमानपत्रांतून आलं आणि त्याच्यावर हक्क सांगणारे एकापेक्षा जास्त आहेत. मीही ते अनेकांना ऐकवलं. मग एकदा जागतिक आरोग्य संघटनेचा रेबीजचा अंदाज वाचनात आला: जगात दरवर्षी सुमारे ५९,००० मृत्यू, आणि माणसाला रेबीज होतो तो जवळजवळ नेहमी कुत्र्याच्या चाव्यातून. वेळेवर लस मिळाली तर टळणारे मृत्यू. कुत्रा माणसाला चावतो ही बातमी नसल्यामुळे ते कुठल्या पानावर टाकायचे हे मला अजून सुचलेलं नाही. नवीन पोरांना ते वाक्य सांगणं मी बंद केलं, एवढंच.

तुम्ही विचाराल, कॉफीच्या बातमीत भाजल्याचं आलं नव्हतं का? आलं होतं. तारेच्या मजकुरात शेवटच्या परिच्छेदात जखमा होत्या, त्वचारोपण होतं. तो परिच्छेद मीच कापला. विचारणाऱ्यांना मी सांगत आलो की काय करणार, चौकट लहान, जागा नव्हती. स्वतःलाही तेच सांगायचो, आणि खालून कापण्याची ती सगळी रीत तुम्हाला सुरुवातीला इतकी रंगवून सांगितली, तीही त्याच सवयीने.

मागच्या महिन्यात जुनी कात्रणं आवरताना ती चौकट सापडली. बातमी आठ ओळींची. तिच्याखाली, दुसऱ्या आठ ओळी सहज मावल्या असत्या एवढ्या जागेत, वाफाळता कप आणि त्यातून उसळणारी नाणी. चित्रकाराला ते काढायला मीच सांगितलं होतं.