मण्याराच्या विषाने केलेली मोजणी

संध्याकाळच्या चहापर्यंत आत्याची उजवी पापणी अर्धी मिटलेली असे आणि रात्री पोळीचे शेवटचे घास चावताना ती हनुवटीला तळहाताचा आधार देई. "सकाळी तर बरी असते न मी, मग संध्याकाळीच काहून होते असं?" असे ती विचारी. धंतोलीतील न्यूरॉलॉजिस्टांनी मायस्थेनिया ग्रेव्हिसचे, म्हणजे वापरागणिक स्नायू थकत जाण्याच्या आजाराचे, निदान केले. चेतेला (मज्जातंतूला) सेकंदाला तीन या गतीने विजेचे हलके झटके दिले, तेव्हा स्नायूचा प्रतिसाद झटक्यागणिक उतरत गेला.

चेतेच्या टोकातून सुटणारे अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन स्नायूवरील ग्राहींना, म्हणजे ते पकडणाऱ्या रेणूंना, चिकटले की स्नायू आकुंचन पावतो. सलग वापरात ते दर खेपेला थोडे कमी सुटते; निरोगी माणसाकडे ग्राही गरजेपेक्षा पुष्कळ असल्याने त्याला हे जाणवत नाही, आत्याला मात्र जाणवते, कारण तिच्या शरीरातील प्रतिपिंडेच (अँटीबॉडीज) ते ग्राही नष्ट करतात.

दोष चेतेच्या टोकात असावा, असा समज एके काळी होता. तो 1973 साली फॅम्ब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती या संशोधकांनी मोजणी करून खोडला, आणि मोजायला वापरले ते मण्याराच्या तैवानी भावंडाचे विष! त्यातील अल्फा-बंगारोटॉक्सिन हा घटक या ग्राहींना असे घट्ट चिकटते की सहसा सुटत नाही. त्याला किरणोत्सर्गी आयोडीन जोडायचे, स्नायूचा लहानसा तुकडा त्यात भिजवायचा, न चिकटलेले विष धुऊन काढायचे आणि उरलेला किरणोत्सर्ग मोजायचा; त्यावरून ग्राहींची संख्या कळते. रुग्णांमध्ये ती निरोगी स्नायूंच्या तुलनेत 11 ते 30 टक्केच भरली. आमच्या विदर्भात जमिनीवर झोपलेल्याला रात्री मण्यार चावला तर सकाळी त्याच्या पापण्या उघडत नाहीत, हे खेड्यातल्या कोणालाही ठाऊक असते. त्याच कुळातल्या विषाने पापण्या पडण्याच्या आजाराचा हिशेब लावावा, याचे मला अजून नवल वाटते.

आत्याच्या रक्ततपासणीतला आकडा पाहून घरचे घाबरले होते, पण तो आकडा प्रतिपिंडांचा असतो, गमावलेल्या ग्राहींचा नव्हे. दोन रुग्णांच्या आकड्यांवरून कोणाचा आजार जास्त हे ठरत नाही. पायरिडोस्टिग्मिनच्या गोळीनेही ग्राही वाढत नाहीत, सुटलेले रसायन फक्त अधिक वेळ टिकते. आत्या ती जेवणाआधी अर्धा तास घेते आणि हल्ली तिचा हात हनुवटीखाली क्वचितच जातो.