फिरकी माझ्याकडे द्या

मला पतंग उडवता येत नाही. जन्म बडोद्याचा, माहेर दांडिया बाजारच्या एका खांच्यात, म्हणजे गल्लीत, सासर तिथून चालत दहा मिनिटांवर, वय सत्तावन्न, आणि तरीही येत नाही. शेजारच्या बेनना माझी कीव येते. त्यांना वाटतं, बिचारीला कुणी शिकवलंच नसेल. शिकवलं हो. तिघांनी शिकवलं. आधी अण्णांनी, मग भाऊजींनी, आता चिरंजीवांनी. पण दोनचार वेळा ढील दिली की माझं लक्ष आभाळातून उतरून मागे फिरकीकडे जातं. कुणीतरी ती तिरकी धरलेली असते, दोरी एकाच बाजूला चढत असते, आणि मला राहवत नाही. मी पतंग ज्याच्या त्याच्या हाती देते आणि म्हणते, फिरकी माझ्याकडे द्या.

सहा वर्षांची असल्यापासून हेच करत आलेय. फिरकी घट्ट धरायची नसते, हे नवख्यांना कधी पटत नाही. दोन्ही दांड्या तळव्यांवर नुसत्या टेकवायच्या, अंगठे वरून सैल. ढील दिली की ती गरगरत सुटते, आणि दांड्यांचं लाकूड तळव्यात गरम होतं. उडवणारा थांबला की अंगठे दाबून आपणही थांबायचं, नाहीतर फिरकी स्वतःच्या वेगात फिरत राहते आणि फुकटची दोरी पायाशी पडून तिचा गुंता होतो. आणि वर बघायचं नाही. सगळं अण्णांच्या पाठीवरून कळायचं. उजवा खांदा खाली गेला म्हणजे पेच लागला. मान पुढे आली म्हणजे समोरचा खेंच मारतोय. दोन्ही हात एकदम हलके होऊन खाली आले की गेला पतंग. मग शेजारच्या धाब्यावरून, म्हणजे गच्चीवरून, थाळ्या बडवत 'काप्यो छे!' आणि अण्णांच्या तोंडून एकच शब्द, 'लपेट.' तिथून पुढचा खेळ माझा. उरलेली दोरी दुसऱ्या कुणाच्या हाती लागायच्या आत भराभर गुंडाळायची, तीही दोन्ही बाजूंना सारखी. त्या दोन मिनिटांत अण्णा माझ्याकडे ज्या आदराने बघायचे तसं त्यांनी माझ्या गणिताच्या मार्कांकडेही कधी बघितलं नाही.

दोरी आणायलाही मीच जाते. डिसेंबर संपत आला की गेंडीगेटकडे चालणं मुश्कील होतं. मोकळी जागा दिसेल तिथे खांब रोवलेले असतात, त्यांच्यामधून पांढरा दोरा ताणलेला असतो, आणि बोटांना चिंध्या गुंडाळलेली माणसं हातात काचेची पूड, खळ आणि रंग यांचा लगदा घेऊन त्या दोऱ्यावरून मागे-पुढे फेऱ्या घालतात. रंग बहुतेक गुलाबीच. नऊ तार की बारा तार, म्हणजे दोऱ्याला पदर किती, हजार वार की पाच हजार वार, एवढं ठामपणे सांगता आलं की दुकानदार तुम्हाला फसवायच्या भानगडीत पडत नाही. घरात ह्यांना साधी चादरसुद्धा नीट घेता येत नाही, पण दोरीच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा.

आमच्यासारख्या बडोद्याच्या मराठी घरांत सणाचा जरा घोळच असतो. २०२३ आणि २०२४ला पंचांगाप्रमाणे संक्रांत १५ जानेवारीला होती. पतंगांना ते कुणी कळवलं नाही. सगळं गाव १४लाच धाब्यावर चढलं आणि १५ला वासी उत्तरायण म्हणून पुन्हा चढलं. आम्ही १४ला रांगेत उभं राहून आणलेला उंधियू-जलेबी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुगडं पुजली. जाऊबाई काळी साडी नेसून वाण मोजतायत आणि जिन्यातून भाऊजी ओरडतायत, 'गुंदरपट्टी कुठाय, गुंदरपट्टी!' गुंदरपट्टी म्हणजे चिकटपट्टी. फाटलेला पतंग घेऊन माणूस असा धावतो की बघणाऱ्याला वाटावं, घरात कुणाला लागलंय.

आता मुरांब्याविषयी. मुरांबा म्हणजे आमचा बोका. रंग अगदी बरणीतल्या मुरांब्याचा, स्वभाव मात्र लोणच्याचा. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात जिन्याखाली सापडला आणि आठवडाभरात ह्यांच्या खुर्चीवर मालकी सांगून बसला. धाब्यावर त्याची जागा पाण्याच्या टाकीवर. तिथून सूरसागर तलावातल्या महादेवाची १११ फुटी मूर्ती दिसते, आणि ती काहीही करत नसल्यामुळे मुरांब्याला तिच्यात रस नाही. त्याला रस माझ्या फिरकीत. फिरकी फिरायला लागली की त्याचे कान फिरतात. त्या दिवशी लाऊडस्पीकरांना आणि पिपुड्यांना घाबरून तो पलंगाखाली राहील अशी माझी समजूत होती. दुपारी दोनला बघते तर साहेब टाकीवर.

ही गोष्ट गेल्या वर्षीच्या वासी उत्तरायणची. संध्याकाळ झालेली, वारा पडलेला, मुलं खाली भेळ खायला गेलेली. मी पायाशी साचलेली दोरी सोडवत बसले होते. गुंता फार झाला की तुकडे तोडून बाजूला टाकते, ती सवय अण्णांच्या वेळेपासूनची. मुरांबा कोपऱ्यात काहीतरी चघळत होता. मला वाटलं, चिक्की. जवळ गेले तर त्याच्या ओठाच्या कडेतून बोटभर गुलाबी दोरी लोंबत होती आणि तो सारखी मान झटकत होता.

भाऊजी म्हणाले, 'ओढून काढा की.' माझा हात पुढे गेलासुद्धा होता. नशिबाने चिरंजीवांनी तोवर डॉक्टरांना फोन लावला होता आणि स्पीकरवरून पहिलं वाक्य आलं ते हेच: ओढू नका. कितीही सोपं वाटलं तरी ओढू नका. दुसरं टोक जिभेखाली अडकलेलं असतं, नाहीतर पोटात उतरलेलं. ओढलंत तर आत चिरेल.

भाजीच्या झाकणाच्या टोपलीत मुरांब्याला घातलं आणि मी नि हे स्कूटरवर निघालो. आमच्या स्कूटरला हँडलपासून डोक्याच्या वरपर्यंत वाकवलेली सळई लावलेली असते, जानेवारीत बडोद्यात बहुतेकांच्या दुचाकीला असते, रस्त्यात आडवी आलेली दोरी गळ्याआधी तिला लागावी म्हणून. त्या दिवशी पुलावर खरंच एक लागली. टण् असा बारीक आवाज. आम्ही दोघंही काही बोललो नाही. टोपलीतून एक शिवी आली तेवढीच.

दवाखान्यात बसायला जागा नव्हती. बुटांच्या खोक्यांमधून कबुतरं आलेली. एका मुलाने शाळेच्या स्वेटरात गुंडाळून एक शराटी आणली होती, तिचा एक पंख विचित्र लोंबत होता. गुजरातेत १० ते २० जानेवारी जखमी पक्ष्यांसाठी करुणा अभियान चालतं, १९६२ नंबर फिरवला की जनावरांची ॲम्ब्युलन्स येते, पक्षी घरट्यांकडे निघतात त्या वेळी, सकाळी आणि संध्याकाळी, पतंग उडवू नका असं दरवर्षी सांगतात. मी ते दरवर्षी ऐकते. आणि साडेपाचला 'अजून एक पेच' म्हणणाऱ्याच्या मागे फिरकी धरून उभी असते. त्या स्वेटरातल्या पक्ष्याकडे मला फार वेळ बघवलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली दोन दिवसांची झोप साचलेली. त्यांनी मुरांब्याला थोडी भूल देऊन तोंड उघडलं आणि मला बॅटरी धरायला सांगितली. जिभेच्या खाली मुळाशी दोरीचा वेढा बसला होता. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात म्हणे, त्यामुळे दोरी एकदा आत गेली की थुंकून टाकायची सोय नसते, ती आतच सरकते. एक टोक वर अडकलं आणि आतडं आपलं नेहमीप्रमाणे दुसरं टोक पुढे ढकलत राहिलं, तर परकराच्या नाडीवर चुण्या पडाव्यात तसं सगळं आतडं त्या दोरीवर गोळा होतं. मग पोट उघडण्याशिवाय गत्यंतर नसतं. त्यांनी जिभेखालचा वेढा हलकेच कापला, एक्स-रे काढला, सलाईन लावलं आणि म्हणाल्या, लवकर आलात, आता वाट बघू.

ह्यांनी रांगेतल्या कुणाशी तरी चायनीज मांज्याविषयी तावातावाने बोलायला सुरुवात केली होती. त्या नायलॉनच्या मांज्यावर २०१७ सालीच हरित लवादाने देशभर बंदी घातलीय आणि तरी तो मिळतो, याचा राग सगळ्यांनाच आहे. मी गप्प. मुरांब्याच्या तोंडातली दोरी सुती होती, नऊ तार, गेंडीगेटची, मी पारखून घेतलेली, मी तोडून टाकलेली. उडवणाऱ्याचा हात फार तर एका पतंगावर असतो. धाब्यावरची बाकी सगळी दोरी फिरकीवालीची.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या वाळूच्या ट्रेमध्ये गुलाबी गोळा मिळाला. हातमोजे घालून तो मी धुतला, सरळ केला आणि पट्टी लावून मोजला. एकतीस सेंटिमीटर. ह्यांनी दारातून बघितलं, काही न बोलता चहा ठेवायला गेले.

यंदा मी जुन्या परकराच्या कापडाची एक पिशवी शिवली आणि कमरेला बांधली. तोडलेला प्रत्येक तुकडा आत. चिरंजीव म्हणाले, 'आई, तू अगदी कंडक्टर दिसतेस, एक मकरपुरा दे.' पाच वाजता फिरकीच्या दांड्या दाबून धरल्या आणि लपेट म्हटलं. भाऊजी चिडले, पेच रंगात आला होता. चिडू देत. दोरी माझ्याकडे होती.

मुरांबा दोन्ही दिवस मागच्या खोलीत, दार बंद. दाराखालच्या फटीतून एक पंजा बाहेर यायचा, फरशी चाचपायचा आणि आत जायचा.

रथसप्तमीच्या आत आमच्याकडचं हळदीकुंकू उरकायचं होतं, ते पुढच्या शनिवारी झालं. बोटांचा गुलाबी रंग काही पूर्ण गेला नव्हता. कुंकू लावायला हात पुढे केला तर शेजारच्या बेन हसल्या, 'आ वखते पण फिरकीज?' म्हटलं, फिरकीच. त्या सोफ्यावर टेकल्या, तिळगुळाचा लाडू तोंडात घातला, आणि तेवढ्यात मुरांबा आला, सरळ त्यांच्या मांडीवर चढला आणि त्यांच्या नव्याकोऱ्या काळ्या साडीवर स्वतःला शांतपणे घासू लागला.