झाडावरची नोटीस

१९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्यानुसार शहरातले झाड तोडण्याआधी त्यावर नोटीस चिकटवून नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात. तरतूद उत्तमच आहे. पण ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळताच त्याच रात्री मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रो कारशेडसाठी, म्हणजे मेट्रोगाड्यांच्या आगारासाठी, करवती चालू झाल्या आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती देईपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. (एवढी तत्परता खड्डे बुजवताना दिसत नाही!) २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचे ठरले, २०२२ मध्ये तो निर्णय फिरला, मात्र मधल्या काळात आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून घोषित झाली, हे माझ्या मते झाडे वाचवण्यासाठी झालेल्या आंदोलनाचेच फलित आहे. म्हणून मी हरकत लेखीच देतो, झाडाच्या क्रमांकासह, आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलत नाही.